बाईंचं पवित्र वर्ष

टाईप करणाऱ्याची चूक बाईंना बघावी लागत नसे, ती त्यांना ऐकू यायची. खिडकीपाशी, शाहूपुरीच्या रस्त्याकडं तोंड करून त्या बसत. पाठीमागं बारा मशिनं एकदम खडखडत असायची. मध्येच न वळता म्हणायच्या, "चार नंबर, अंगठा झोपलाय तुझा. दोन शब्द चिकटले." चार नंबरवरचा मुलगा कागद बघायचा, तर खरंच चिकटलेले असायचे.

मी वसईची. नोकरी कोल्हापुरात लागली आणि पॅरिशच्या, म्हणजे तिथल्या कॅथलिक चर्चच्या, फादरांनी मला बाईंच्या हवाली केलं. त्यांच्या टायपिंग क्लासच्या मागं दोन खोल्या होत्या, त्यातली एक मला मिळाली. पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, "मी सकाळी पाचला उठतो. तू कवा उठतीस?" बाई स्वतःबद्दल पुरुषासारखं का बोलतात हे मला कळेना. पुढं कळलं की तिथल्या पुष्कळ बायका तशाच बोलतात. वर्षभरात मीही "आलो", "गेलो" करायला लागले आणि सुट्टीत घरी गेल्यावर आईनं कपाळाला हात लावला.

त्या साठीच्या घरात होत्या. पांढरी सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि पायात करकर वाजणारी कोल्हापुरी चप्पल. लग्न केलेलं नव्हतं. हातानं लिहायचं त्यांनी कधीच सोडून दिलेलं असावं, कारण घरातली प्रत्येक सूचना टाईप केलेली असे. दुधाच्या कपाटावर 'भांडे झाकावे'. मागच्या दारावर 'मांजरास हाकलू नये'. माझ्या खोलीत शिरल्याबरोबर दिसेल अशी एक, 'रडू आल्यास बाहेर यावे'. ही चिठ्ठी माझ्यासाठी म्हणून केलेली नव्हती. माझ्याआधी तिथं राहून गेलेल्या मुलींच्या वेळेपासून ती तिथं होती. पहिल्या आठवड्यात मी ती वाचली आणि खरोखरच बाहेर आले. बाईंनी समोर पाव आणि चहा ठेवला आणि म्हणाल्या, "वसईला पाऊस लई असतोय म्हणं." तासभर आम्ही फक्त पावसावर बोललो.

शुद्धलेखनावर त्यांचं नुसतं प्रेम नव्हतं, चुकीचा त्यांना राग यायचा. दुकानाच्या पाटीवर चूक दिसली की त्या सरळ आत शिरत. मालकाला म्हणत, "पावणं, तुमच्या पाटीवर वेलांटी उलटी हाय. गिऱ्हाईक आत येताना अडखळतंय." आमचे फादर मंगळूरकडचे. मराठी मन लावून शिकले होते, पण लिंगांची गडबड व्हायची. प्रवचनात ते म्हणाले, "देवाचा कृपा आपल्यावर आला," की दुसऱ्या बाकावरून बाईंचं एक बोट वर व्हायचं. फादर थांबायचे, "आली" म्हणायचे आणि पुढं जायचे. लोकांना त्याची इतकी सवय झाली होती की बाई एकदा तापानं पडल्या, तेव्हा सगळं देऊळ प्रत्येक चुकीला दुसऱ्या बाकाकडं बघत होतं.

आमच्या पॅरिशमध्ये प्रापंचिकांचं, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या साध्या लोकांचं, एक मंडळ होतं. माणसं जेमतेम पंधरा. अध्यक्ष बाई. सत्तरीच्या दशकाच्या मध्यावर जे पवित्र वर्ष आलं, त्याची आठवण मला आजही मंडळापेक्षा बाईंमुळेच जास्त आहे.

पंचवीस वर्षांनी येणारं ते वर्ष. रोमला जाऊन तिथल्या देवळांचं दर्शन घेतलं की पापांच्या शिक्षेची माफी मिळते, आणि ज्यांना रोमला जाणं शक्य नाही त्यांनी आपल्याच भागात नेमलेल्या देवळाची यात्रा करावी, असं बिशपांचं पत्र फादरांनी रविवारी वाचून दाखवलं. आमच्यासाठी नेमलेलं देऊळ गगनबावड्याच्या वाटेवर एका टेकडीवर होतं. लहानसंच. पत्रात पुढं लिहिलं होतं की या वर्षाचा विषय आहे, नवीकरण आणि समेट.

त्याच संध्याकाळी क्लासात मंडळाची बैठक झाली. कुणी म्हणालं देवळाला कमान उभारू, कुणी म्हणालं स्मरणिका काढू. बाई सगळं ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "कमान बांबूची करायची का लोखंडाची ते मागनं बघू. आधी मला सांगा, समेट म्हंजे काय?"

मंडळातले एक बेकरीवाले म्हणाले, "म्हणजे मिटवामिटवी."

"कुणाची?"

बाईंनी मशिनवर कागद चढवला. वर मधोमध ठोकलं, 'न बोलणाऱ्यांची यादी'. आणि एकेकाला विचारायला लागल्या, "तुम्ही कुणाशी बोलत न्हाई?"

फादर अस्वस्थ झाले. "बाई, हे असं चारचौघांत नको. ही कुमसाराची, फादरच्या कानात पाप सांगायची गोष्ट आहे."

"फादर, मी पाप सांगा म्हटलं न्हाई. भांडण सांगा म्हटलं. भांडण गल्लीला ठाऊक असतंयच की."

ते खरं होतं. तासाभरात यादी भरली. बाईंनी नियमही घातला. यात्रेला येणाऱ्यानं आधी आपल्या नावापुढच्या माणसाकडं जायचं आणि त्याच्या घरी चहा प्यायचा. नुसतं रस्त्यात नमस्कार घालून चालणार नाही. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, माझं कुणाशीच भांडण नाही. बाईंनी माझ्या नावापुढं टाईप केलं, 'अजून लहान आहे'.

यादीत सगळ्यात वर रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्ड होते. त्यांच्या शेजारी पत्र्याच्या पेट्या करणारे एक मुसलमान कारागीर राहत. दुपारी झोपेच्या वेळी ठोकाठोकी चालते म्हणून गार्डसाहेबांनी सहा वर्षांपूर्वी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. बाईंच्या धाकानं ते एकदाचे गेले. परत आले ते तोंड पाडून.

"काय झालं? चहा दिला न्हाई?" बाईंनी विचारलं.

"चहा दिला. वर नानकटाई दिली."

"मग?"

"मी म्हटलं, चाचा, आपलं भांडण मिटवायला आलोय. तर ते म्हणाले, भांडण? गार्डसाब, मला वाटलं रेल्वेच्या आवाजानं तुमचे कान गेलेत. मी घरच्यांना सांगितलंतं, साहेबांना ऐकू येत न्हाई, हाक मारू नका, वाईट वाटंल त्यांना."

सहा वर्षं हा माणूस एकटाच भांडत होता. बाई हसल्या नाहीत. यादीत खूण केली आणि म्हणाल्या, "तुमचं काम दुप्पट झालं. आता रोज हाक मारायची."

बेकरीवाले आणि त्यांचा मेहुणा यांचं प्रकरण अवघड होतं. मेहुणा लग्नाच्या बँडमध्ये व्हायोलिन वाजवायचा. त्याच्या आईच्या मयताला बँड लावायचा की नाही यावरून दोघांचं बिनसलं होतं, आणि नऊ वर्षं ते देवळात दोन टोकांना बसत होते. तू माझ्या घरी ये की मी तुझ्या घरी येऊ, इथंच घोडं अडलं. शेवटी बाईंनी दोघांना क्लासात बोलावलं. दोघं शेजारी-शेजारी मशिनांसमोर बसले, पण तोंड उघडेना कुणी. चहा गार झाला. बाई खिडकीपाशी जाऊन पाठ करून बसल्या.

"बोलायचं न्हाई तर टाईप करा," त्या म्हणाल्या. "मला रात्रीपतोर येळ हाय."

दोघांनीही जन्मात मशिनला हात लावलेला नव्हता. मराठी मशिनवर जोडाक्षर सापडायचं म्हणजे गर्दीत हरवलेलं पोर शोधायचं. मग मेहुण्याच्या मशिनचा एक टक् आवाज झाला. थोड्या वेळानं आणखी एक. अर्ध्या तासानं त्यानं कागद ओढून काढला आणि न बघता बेकरीवाल्यांच्या पुढं सरकवला. त्यावर होतं, 'ताई कशी आहे'.

बेकरीवाल्यांनी तो दोनदा वाचला. मग आपल्या जाडजूड बोटांनी त्यांनी उत्तर ठोकायला घेतलं. 'बरी' झालं. पुढचा शब्द 'गुडघे' होता, आणि त्यांना घ सापडेना. शोधून शोधून ते थकले आणि शेवटी वैतागून मोठ्यानं म्हणाले, "गुडघे दुखतात रे तिचे. जिना चढवत नाही. ये की बघायला."

मेहुणा उठून त्यांच्या गळ्यातच पडला. बाई खिडकीतून न वळता म्हणाल्या, "घ वरच्या ओळीत असतोय."

असं एकेक मिटत गेलं. दोन-तीन ठिकाणी दार उघडलं नाही, एका ठिकाणी चहाऐवजी शिव्या मिळाल्या. बाईंनी तेही नोंदवलं. यात्रेचा दिवस ठरला तेव्हा यादीत एकच ओळ रिकामी राहिली होती. सगळ्यात शेवटी बाईंचं स्वतःचं नाव होतं आणि त्याच्या पुढं काही नव्हतं. गार्डसाहेबांनी बैठकीत विचारलंच, "बाई, तुमचं कुणाशी न्हाई व्हय?"

"माझं मी बघतो," बाई म्हणाल्या आणि कागद गुंडाळून ठेवला.

त्या आठवड्यात बाईंच्या कानांना काहीतरी झालं. मुलं सर्रास चुकत होती आणि त्या बोलत नव्हत्या. रविवारी दुपारी त्यांनी मला हाक मारली. मांडीवर एक जुनी फाईल होती. टाईप केलेल्या प्रत्येक कागदाची कार्बन प्रत त्या ठेवायच्या. त्यातली एक पिवळी पडलेली प्रत त्यांनी माझ्या हातात दिली.

वर तारीख होती, बावीस वर्षांपूर्वीची. खाली 'विषय : तुझा विवाह'. मजकूर चार ओळींचा. 'तुझे पत्र मिळाले. तू परपंथीयाशी विवाह करीत असल्याने मी उपस्थित राहू शकत नाही. यापुढे संबंध ठेवणे मला योग्य वाटत नाही. कळावे.'

"माझी धाकटी बहीण. शांता," बाई म्हणाल्या. "आईबाप गेल्यावर मीच वाढवली तिला. हा क्लास तिच्या शिक्षणासाठी काढलेला. तिनं कोडोलीच्या मास्तराशी ठरवलं. तो प्रॉटेस्टंट. तवाचे फादर म्हणाले, आपल्यातल्या कुणी जाऊ नये. मी गेलो न्हाई. आता हे नवे फादर त्यांच्या लोकांबरोबर प्रार्थना करत्यात. तवा तसं नव्हतं."

"मग तुमचा काय दोष?" मी म्हटलं.

"जाऊ नको म्हणालेते. पत्र लिही म्हणाले नव्हते." त्यांनी फाईल बंद केली. "तीन वर्सांमागं मास्तर वारला. मला कळलंतं. तवा तरी जायला पायजे होतं."

पुढच्या शनिवारी आम्ही दोघी कोडोलीच्या गाडीत बसलो. बाईंनी बरोबर काही घेतलं नव्हतं. ना पिशवी, ना फाईल. दुतर्फा ऊस होता. वाटेत त्या एकदाच बोलल्या. म्हणाल्या, "ती ओळखायची न्हाई मला."

घर गावाच्या कडेला होतं. अंगणात एक बाई म्हशीपुढं वैरण टाकत होती. बाईंची चप्पल करकरली तशी ती वळली आणि हातातली पेंडी तशीच धरून बघत राहिली. चेहरा हुबेहूब बाईंचा, फक्त उन्हात रापलेला.

"अक्का," ती म्हणाली. "कितीची गाडी धरलीस?"

"आठची."

"मग खाल्लं नसशील."

एवढं बोलून तिनं पेंडी टाकली आणि ती घरात गेली. आम्ही अंगणात उभ्या. ती बाहेर आली ती हातात कागद घेऊन. माझ्या लक्षात आलं की मी प्रत वाचली होती, हे मूळ पत्र होतं.

"बावीस वर्सं ठेवलाय ह्यो," शांताबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "लग्नाला आली न्हाईस, ते मी समजून घेतलं. फादर म्हणाले असतील. संबंध तोडलास, तेबी एकवेळ समजून घेतलं. पण अक्का, तू विषय घातलास. मी काय कचेरी होतो? आणि हे बघ. सहीबी टाईप केलीस. बहिणीला पत्र लिवताना तुझ्या हातात पेन पण मावंना?"

बाईंचे गुडघे वर्षानुवर्षं आखडलेले. जमिनीवर बसणं त्यांनी सोडलं होतं. त्या तिथंच, म्हशीच्या पुढच्या सारवलेल्या जागेत, भिंतीला धरून हळूहळू खाली बसल्या.

"पेन धरला असता तर हात थांबला असता," त्या म्हणाल्या. "ते मला ठाऊक होतं. म्हणून मशिनवर लिहिलं." मग म्हणाल्या, "चुकलं माझं, शांते. हे तोंडानं सांगायला आलोय. मास्तर गेला तवाबी चुकलं."

शांताबाईंनी कागद घडी घालून कमरेला खोचला. मग त्यांनी पदराला हात पुसले आणि खाली वाकल्या. मला वाटलं उठवतायत. पण त्या बाईंच्या शेजारीच बसल्या. दोघी भिंतीला टेकून म्हशीकडं बघत होत्या. रडत कुणीच नव्हतं. मीच बाहेर जाऊन रस्त्यावर उभी राहिले.

पुढं चहा झाला, भाकरी झाली, मास्तरांचा फोटो झाला. निघताना बाई म्हणाल्या, "तो कागद टाकून दे आता."

"न्हाई टाकत," शांताबाई म्हणाल्या. "माझी पोरगी पुण्याला शिकालीय. उद्या तिनं काय ठरवलं आणि मी रुसलो, तर मला वाचायला लागंल."

यात्रेच्या दिवशी सकाळी शांताबाई कोल्हापूरच्या स्टँडवर हजर. बाईंनी बोलावलं होतं, पण येतील असं आम्हाला कुणालाच वाटलं नव्हतं. फादर पुढं होऊन स्वागत करायला लागले, तर त्यांनी आधीच सांगून टाकलं, "फादर, तुमची ती माफीबिफी आमच्यात नसतीय. मी हिच्यासंगट चालायला आलोय. गुडघे बघा की तिचे."

गाडीनं आम्ही टेकडीच्या फाट्यापर्यंत गेलो. पुढं दोन कोस चढ होता. हातात जपमाळ घेऊन रोझरी म्हणत सगळे निघाले. मेहुण्यानं व्हायोलिन आणलं होतं आणि बेकरीवाले त्याची पेटी उचलून चालत होते. बाई आणि शांताबाई सगळ्यांच्या मागं. बाई रोझरी म्हणत आणि शांताबाई मध्येच सांगत, "डाव्या अंगाला दगड हाय."

देवळापाशी पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. सगळे आत गेले. शांताबाई पायरीवर बसल्या. "मी हितंच बरी. तू जा."

बाईंनी या दिवसासाठी वर्षभर मंडळाला नाचवलं होतं. रोज सकाळी तारीख बघत होत्या. आत घंटा वाजली. बाई दारापर्यंत गेल्या, आत बघितलं, परत आल्या आणि बहिणीशेजारी पायरीवर बसल्या.

"आत जा की अक्का. एवढं चालून आलीस."

"हितनं ऐकू येतंय मला," बाई म्हणाल्या.

मी दारालगतच्या बाकावर होते. मिस्साची प्रार्थना पुढं सरकत होती. प्रवचनात फादर म्हणाले, "आज देवाचा दया आपल्या दारात..." आणि सवयीनं थांबले. दुसऱ्या बाकावर कुणी नव्हतं. सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या. पायरीवर, उन्हात, पाठमोऱ्या बाईंचं बोट वर झालं होतं. "आली," फादर म्हणाले.

कम्युनियनची पवित्र भाकर घेणाऱ्यांची रांग संपली तरी फादर वेदीकडं वळले नाहीत. मधल्या वाटेनं चालत दारात आले. बाईंनी बसल्या जागी हात जोडले आणि कम्युनियन घेतलं. मग फादर शांताबाईंकडं वळले. परपंथीयांना कम्युनियन देता येत नाही, हे फादरांच्या नियमात ठरलेलं होतं आणि ते त्या तिघांनाही ठाऊक होतं. फादरांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. शांताबाईंनी मान खाली घातली. बराच वेळ तो हात तिथं होता. मग त्यांनी वर बघितलं आणि विचारलं, "फादर, प्यायला पाणी मिळंल का?"

मिस्सा संपल्याबरोबर फादर झगा न उतरवता मागं गेले आणि भरलेला तांब्या घेऊन आले. दोघींनी एकाच तांब्यातून पाणी प्यायलं.

परतीच्या गाडीत दोघी शेजारी बसल्या. मी त्यांच्या मागं. नाताळाच्या करंज्यांचा विषय कसा निघाला कोण जाणे. आई सारणात खसखस घालायची, असं बाई म्हणाल्या. शांताबाई म्हणाल्या, खसखस कधीच नव्हती, चारोळी असायची. बाई म्हणाल्या, तू तेव्हा पाळण्यात होतीस. शांताबाई म्हणाल्या, पाळण्यात असले तरी दात होते मला. गाडीतली निम्मी माणसं खसखशीच्या बाजूची झाली आणि निम्मी चारोळीच्या. कंडक्टरनं सांगितलं की त्याच्या घरी दोन्ही घालतात, तर दोघींनीही त्याला गप्प बसवलं.

कोल्हापूरच्या स्टँडवर कोडोलीची गाडी लागलेलीच होती. दोघी बाकावर टेकल्या, खसखशीवरून गुळावर आल्या, गुळावरून कुठल्याशा मावशीवर. गाडी सुटली. मी सांगायला पुढं झाले, पण दोघींचंही लक्ष नव्हतं. थोड्या वेळानं पुढची गाडी लागली आणि तीही गेली. मग मी काही न बोलता घरी आले आणि तिघींचा भात टाकला.